मॉडेल उलगडताना : यूव्ही मॅपिंगविषयी वाचकांच्या शंका

त्रिमितीय मॉडेलिंग शिकणाऱ्या वाचकांकडून आलेल्या पत्रांपैकी बहुतेक पत्रे या वेळी एकाच टप्प्यावर अडलेली दिसली. मॉडेल तयार होते, प्रकाश आणि कॅमेरा जमतो, पण त्यावर चित्र चढवायची वेळ आली की हात थांबतो. म्हणून हे सदर पूर्णपणे यूव्ही मॅपिंगला दिले आहे. पत्रलेखकांपैकी जवळजवळ सर्व जण ब्लेंडर हे सॉफ्टवेअर वापरतात, त्यामुळे कळांची आणि आज्ञांची नावे त्यातली घेतली आहेत. माया किंवा थ्रीडीएस मॅक्स वापरणाऱ्यांना बटणे वेगळ्या जागी सापडतील, तत्त्व मात्र तेच राहील.

प्रश्न : मी ब्लेंडरमध्ये कडीचा स्टीलचा डबा तयार केला आहे. सिलिंडर घेऊन त्याची कड बाहेर काढली आणि झाकण केले. त्यावर बारीक नक्षीचे चित्र लावल्यावर मधल्या भागावर ते बरे दिसते, पण कडेवर आणि झाकणाच्या पट्टीवर चित्राच्या लांबच लांब रेघा ओढल्या जातात. सगळे निवडून ‘अनरॅप’ दिले तर होते तेही बिघडले. यूव्ही म्हणजे नेमके काय आणि सुरुवात कोठून करावी? — एक विद्यार्थिनी, सांगली

उत्तर : आपल्या डब्याच्या प्रत्येक कोपऱ्याला, म्हणजे व्हर्टेक्सला, अवकाशातली जागा सांगणारे एक्स, वाय आणि झेड असे तीन आकडे असतात. चित्र मात्र सपाट असल्यामुळे त्यातली जागा दोनच आकड्यांत सांगता येते. आडव्या दिशेच्या आकड्याला यू आणि उभ्या दिशेच्या आकड्याला व्ही म्हणतात. ब्लेंडरमध्ये चित्राचा खालचा डावा कोपरा शून्य-शून्य आणि वरचा उजवा कोपरा एक-एक मानला जातो. मॉडेलच्या कोणत्या बिंदूवर चित्रातला कोणता बिंदू यावा याची ही नोंद म्हणजे यूव्ही मॅपिंग. हे आकडे अपूर्णांकात असल्यामुळे आज १०२४ पिक्सेलचे चित्र लावून उद्या त्या जागी ४०९६ पिक्सेलचे लावले तरी नक्षी जागची हलत नाही. पृष्ठभागावर चित्र चढवण्याची ही कल्पना एड कॅटमल यांनी १९७४ साली युटा विद्यापीठात सादर केलेल्या प्रबंधात मांडली. तेच पुढे पिक्सारच्या संस्थापकांपैकी एक झाले. त्या कल्पनेचा पाया आजही बदललेला नाही.

आता आपल्या रेघांकडे येऊ. ब्लेंडर नवा सिलिंडर देतानाच त्याला तयार यूव्ही देतो. त्यात बाजूच्या भिंतीची पट्टी चित्राच्या वरच्या अर्ध्या भागात आणि दोन गोल खालच्या अर्ध्या भागात मांडलेले असतात. ही पट्टी उंचीच्या दुप्पट लांब असते. आपल्या डब्याचा व्यास १४ सेंमी आणि उंची २० सेंमी धरली, तर परीघ सुमारे ४४ सेंमी येतो, म्हणजे खरी भिंत उंचीच्या २.२ पट लांब आहे. दोन आणि सव्वादोन यांतला फरक डोळ्यांना सहसा जाणवत नाही, म्हणून मधला भाग आपल्याला बरा दिसला. तो योगायोग होता, डबा बुटका असता तर तिथेही नक्षी ताणली गेली असती. कड मात्र आपण नंतर ‘एक्स्ट्रूड’ करून काढली. त्या नव्या फेसना, म्हणजे मॉडेलचा पृष्ठभाग बनवणाऱ्या लहान पृष्ठांना, चित्रात स्वतःची जागा मिळालीच नाही, त्यांनी शेजारच्या कडेचेच यूव्ही आकडे उचलले. परिणामी चित्रातली एका पिक्सेलची ओळ अख्ख्या फेसवर ताणली गेली आणि रेघा दिसू लागल्या. मॉडेलमध्ये भर घातली की त्या भागाचे यूव्ही पुन्हा करावे लागतात. म्हणूनच आकार पक्का होईपर्यंत हे काम हाती घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

‘अनरॅप’, म्हणजे उलगडण्याची आज्ञा, दिल्यावर सगळे बिघडले त्याचे कारण असे, की चारी बाजूंनी बंद असलेली वस्तू कोठे उकलायची हे संगणकाला आपण सांगितलेले नव्हते. ते सांगण्यासाठी कडांवर सीमची, म्हणजे शिवणीसारख्या कापाची, खूण करावी लागते. नवशिक्यांना वाटते की सीम दिली की मॉडेल फाटेल. तसे होत नाही. मॉडेल अखंडच राहते, फक्त त्या कडेवरच्या बिंदूला चित्रात दोन वेगवेगळ्या जागा मिळतात.

सीम देण्यापूर्वी ऑब्जेक्ट मोडमध्ये ‘कंट्रोल’ आणि ‘ए’ दाबून ‘स्केल’ निवडावे. आपण सिलिंडर उंच करण्यासाठी त्याला ऑब्जेक्ट मोडमध्येच ताणले असेल, तर अनरॅप करताना ब्लेंडर मूळ न ताणलेल्या सिलिंडरचा हिशेब धरतो आणि सर्व काही बरोबर करूनही नक्षी उभट दिसते. तासन्‌तास वाया घालवणारी ही अडचण दोन कळांनी दूर होते. त्यानंतर एडिट मोडमध्ये एज, म्हणजे कड, निवडण्याची पद्धत घ्यावी आणि ‘ऑल्ट’ धरून तळाच्या गोल कडेवर टिचकी द्यावी, म्हणजे पूर्ण वर्तुळ निवडले जाईल. ‘कंट्रोल’ आणि ‘ई’ दाबून ‘मार्क सीम’ द्यावे. झाकणाचा वरचा गोल आणि त्याची पट्टी जिथे मिळतात तिथेही तसेच करावे. शेवटी भिंतीवर वरपासून खालपर्यंत एक उभी सीम द्यावी आणि ती कडीच्या आड येईल अशी ठेवावी. झाकणाच्या पट्टीवरही तशीच एक छोटी उभी सीम लागते. मग सर्व निवडून ‘यू’ कळ दाबावी आणि ‘अनरॅप’ द्यावे. यूव्ही एडिटरमध्ये बाहेरून दिसणाऱ्या भागाचे चार तुकडे मिळतील, त्यांना आयलंड म्हणतात : ४४ बाय २० सेंमीची भिंत, ४४ बाय सुमारे ३ सेंमीची झाकणाची पट्टी, आणि १४ सेंमी व्यासाचे दोन गोल.

या तुकड्यांची मांडणी कागदावर करून पाहणे मला फार उपयोगी वाटते. ४४ सेंमी बाजूचा चौरस काढा. वर भिंत ठेवा, तिच्याखाली झाकणाची पट्टी आणि त्याखाली दोन गोल शेजारी शेजारी. उंची २० अधिक ३ अधिक १४, म्हणजे ३७ सेंमी झाली, तेव्हा सर्व तुकडे एकाच मापाने चौरसात बसले. चित्र २०४८ पिक्सेलचे असेल तर ४४ सेंमीला २०४८ पिक्सेल, म्हणजे तुकड्यांमधली मोकळी जागा सोडून एका सेंमीला सुमारे ४५ पिक्सेल मिळतात आणि एक मिलिमीटर जाडीची कोरीव रेघ चार-पाच पिक्सेलमध्ये स्वच्छ उमटते. चित्र १०२४ पिक्सेलचे घेतले तर त्याच रेघेच्या वाट्याला दोनच पिक्सेल येतात आणि ती पुसट होते. डबा उघडा दाखवायचा असेल तर आतली भिंत आणि आतला तळ याच मापाने बसणार नाहीत. परंतु ते ४० टक्के मापाला लहान केले तर गोलांच्या बाजूला उरलेल्या १६ सेंमी रुंदीच्या जागेत भिंत उभी ठेवून दोन्ही मावतात. डब्याच्या आत नक्षी नसते आणि तिकडे कोणी निरखूनही पाहत नाही, म्हणून तेथील बारकावा कमी करणे योग्यच ठरते. ब्लेंडरची ‘पॅक आयलंड्स’ ही आज्ञा तुकडे आपोआप रचून देते, पण कोणता भाग महत्त्वाचा हे तिला ठाऊक नसते.

सर्वांत शेवटी तपासणी. यूव्ही एडिटरमध्ये नवे चित्र घेताना ‘यूव्ही ग्रिड’ किंवा ‘कलर ग्रिड’ हा प्रकार निवडला की चौकटींचे चित्र मिळते, ते डब्यावर चढवावे. चौकटी चौरस दिसल्या आणि भिंतीवरच्या चौकटी झाकणावरच्या चौकटींएवढ्याच असल्या, तर काम बरोबर झाले. चौकटी लांबट असतील तर ताण आहे, लहान-मोठ्या असतील तर मापे जुळलेली नाहीत. मापे जुळवण्यासाठी सर्व तुकडे निवडून ‘ॲव्हरेज आयलंड्स स्केल’ द्यावे. चौकटी नीट दिसेपर्यंत खऱ्या नक्षीचे चित्र लावूच नये, कारण नक्षीत दोष लपतात आणि चौकटींत ते उघडे पडतात.

प्रश्न : वर रुंद आणि खाली निमुळता असलेला पेला उलगडला, तर भिंतीची पट्टी सरळ न येता कमानीसारखी वाकलेली येते. माझे काय चुकते? — एक वाचक, जळगाव

उत्तर : आपले काहीही चुकत नाही. पेल्याचा वरचा व्यास ७ सेंमी आणि तळाचा ५.६ सेंमी असेल, तर वरचा परीघ सुमारे २२ सेंमी आणि खालचा १७.६ सेंमी येतो. वरची कड खालच्या कडेपेक्षा सव्वाचार सेंमीहून अधिक लांब असलेली पट्टी ताण न देता सपाट केली की ती कमानीचाच आकार घेणार. पेला साध्या धातूचा किंवा रंगाचा असेल तर तिला तसेच राहू द्यावे. मात्र पेल्याभोवती आडवी किनार किंवा अक्षरांची ओळ फिरवायची असेल, तर वाकलेल्या पट्टीवर ती रंगवणे अवघड जाते आणि आडवी रेघ पायऱ्यापायऱ्यांची दिसते. अशा वेळी पट्टी मुद्दाम सरळ करावी. एक चौकोनी फेस नीट काटकोनात मांडून, तोच फेस सक्रिय ठेवून सर्व निवडावे आणि ‘यू’च्या यादीतले ‘फॉलो ॲक्टिव्ह क्वाड्स’ वापरावे. त्याने खालच्या बाजूला नक्षी थोडी आक्रसेल, पण किनार सरळ राहील. थोडा ताण पत्करून सोय मिळवण्याचा हा व्यवहार या कामात वारंवार करावा लागतो आणि त्यात कमीपणा नाही.

प्रश्न : आमच्याकडे गणेशमूर्तींचे काम पिढीजात चालते. एका शाडूच्या मूर्तीची छायाचित्रे घेऊन मी तिचे त्रिमितीय मॉडेल करून घेतले. त्याला ‘स्मार्ट यूव्ही प्रोजेक्ट’ दिले तर शेकडो बारीक तुकडे होतात आणि संगणकावर रंगवायला बसलो की एकही भाग ओळखू येत नाही. हाताने सीम द्यायच्या तर सोंड, कान, मुकुट यांवर त्या कोठे द्याव्यात? — एक मूर्तिकार, पेण

उत्तर : आपला प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला, कारण मूर्ती रंगवणाऱ्या हाताला कोणता भाग कसा वळतो हे आधीच ठाऊक असते आणि सीम देण्याच्या कामात तेच सर्वांत मोलाचे आहे.

आधी एक गणिती मर्यादा मान्य करावी लागते. कार्ल फ्रेडरिक गाउस यांनी १८२७ साली सिद्ध केले, की गोलासारखा दोन्ही दिशांनी वळलेला पृष्ठभाग अंतरे न बिघडवता सपाट करता येत नाही. डब्याची भिंत एकाच दिशेने वळते म्हणून ती निर्दोष उलगडते, गणपतीचे पोट दोन्ही दिशांनी वळते म्हणून ते कधीच तसे उलगडणार नाही. तेव्हा ताण पूर्णपणे काढून टाकण्याच्या मागे न लागता तो किती ठेवायचा आणि कोठे ढकलायचा, एवढेच आपल्या हातात राहते. ब्लाउज शिवणारी बाई सपाट कापडाला गोलाई देण्यासाठी टक्स घालते. कापड सबंध कापून वेगळे न करता ती कडेपासून आत निमुळती चिमूट घेते. सीमचेही तसेच करता येते. तुकडा पूर्ण वेगळा न करता कडेपासून आत येणारी एक आखूड सीम दिली की पोटासारख्या भागाचा बराच ताण निघून जातो आणि तुकडा अखंड राहिल्यामुळे रंगवताना तो ओळखूही येतो.

‘स्मार्ट यूव्ही प्रोजेक्ट’ फेसच्या कोनांवरून तुकडे पाडते. दोन फेसमधला कोन ठरलेल्या मर्यादेपेक्षा जास्त झाला की ती त्यांना वेगळे करते. ही मर्यादा मुळात ६६ अंशांची असते. यंत्रसामान, कपाट, इमारत अशा सपाट बाजूंच्या वस्तूंना ही पद्धत चालते. छायाचित्रांवरून केलेल्या मूर्तीच्या पृष्ठभागावर लाखो त्रिकोण आणि मातीचे बारीक उंचवटे असतात, त्यामुळे तिथे कोन सतत बदलतो आणि तुकड्यांचा चुरा होतो. मॉडेल फक्त दाखवायचे असेल, त्यावरचा रंग छायाचित्रांतूनच आलेला असेल आणि पुन्हा हात लावायचा नसेल, तर हा चुरा चालेल, कारण तो संगणकालाच वाचायचा आहे. आपल्याला रंगवायचे आहे, म्हणून आपली वाट वेगळी आहे. मूळ मॉडेलवर सीम देण्याच्या भानगडीत पडू नये. आधी त्यावरून काही हजार चौकोनी फेसचे हलके मॉडेल तयार करावे, ज्याला रिटोपॉलॉजी म्हणतात. सीम त्या हलक्या मॉडेलवर द्याव्यात आणि मूळ मॉडेलमधले बारकावे नंतर ‘बेक’ करून हलक्या मॉडेलच्या चित्रात उतरवावेत.

आता जागा. मुकुट कपाळाला जिथे टेकतो ती रेघ ही नैसर्गिक सीम आहे, कारण तिथे रंगही बदलतो आणि आकारही. दागिने, पितांबराचा काठ, पाट आणि उंदीर यांना याच न्यायाने स्वतंत्र करावे. कान पुढून अखंड ठेवावा आणि सीम कानाच्या कडेवरून मागच्या बाजूला फिरवावी, म्हणजे पुढचा पसरट भाग एक तुकडा आणि मागचा दुसरा होतो. सोंड ही वळलेली नळी आहे, तिच्यावर सुरुवातीपासून टोकापर्यंत एकच लांब सीम पुरते. ती पोटाकडे वळलेल्या आतल्या बाजूने न्यावी, कारण तिथे सावली असते आणि पाहणाऱ्याची नजर पोहोचत नाही. सोंडेच्या टोकाला वर्तुळाकार सीम द्यावी. हातांवर सीम काखेपासून मनगटापर्यंत शरीराकडच्या बाजूने आणि पायांवर आतल्या बाजूने द्यावी. डोक्याची आणि पाठीची सीम मागून, मध्यभागी. मंडपात मूर्तीची पाठ कोणी पाहत नाही, पण संगणकावर पाहणारा मॉडेल फिरवून पाहतोच, म्हणून पाठीच्या सीमवरही रंग जुळवून घ्यावा लागेल. चेहरा आणि विशेषतः डोळ्यांची जागा मात्र कोणत्याही परिस्थितीत कापू नये. डोळ्यांची आखणी जिथे करायची तिथे ताण जवळजवळ शून्य असावा आणि चित्रात त्या भागाला इतर भागांपेक्षा दीडपट ते दुप्पट जागा द्यावी, असे मी सुचवीन. मापे सर्वत्र सारखी ठेवण्याचा नियम इथे जाणूनबुजून मोडणे योग्य आहे.

ताण कोठे किती आहे हे पाहण्यासाठी यूव्ही एडिटरमध्ये ‘डिस्प्ले स्ट्रेच’ सुरू करावे. निळा भाग चांगला आणि रंग पिवळ्या-लालकडे सरकू लागला की ताण वाढला असे समजावे. ‘अनरॅप’ देताना ब्लेंडर पद्धतीही विचारतो. ‘अँगल बेस्ड’ आणि ‘कन्फॉर्मल’ या दोन्ही पद्धती फेसचे कोन सांभाळण्याला महत्त्व देतात. मूर्तीसारख्या आकारांना मी पहिली पद्धत सुचवतो. ४.३ आवृत्तीपासून ‘मिनिमम स्ट्रेच’ हा तिसरा पर्याय आला आहे. सोंडेच्या टोकाला किंवा बोटांना पहिल्या पद्धतीने फार लहान जागा मिळत असेल, तर तो आवर्जून वापरून पाहावा.

प्रश्न : मी एसटीच्या लाल बसचे मॉडेल करत आहे. वेळ वाचावा म्हणून अर्धी बस करून ‘मिरर’ने दुसरी बाजू घेतली. चित्र लावल्यावर एका बाजूला महामंडळाचे नाव बरोबर दिसते आणि दुसऱ्या बाजूला सगळी अक्षरे उलटी. शिवाय जवळून पाहिल्यास अक्षरे फुटतात. — एक वाचक, सोलापूर

उत्तर : ‘मिरर’ने घेतलेली बाजू चित्रातली तीच जागा वापरते, म्हणजे दोन्ही बाजूंचे तुकडे यूव्ही एडिटरमध्ये एकमेकांवर तंतोतंत बसलेले असतात. चाके, खिडक्यांच्या चौकटी, आसने, दिवे यांच्यासाठी हे उत्तमच आहे. एका चाकाला जेवढी जागा लागते तेवढ्यातच सर्व चाके भागतात आणि उरलेली जागा महत्त्वाच्या भागांना देता येते. अक्षरे, क्रमांक आणि एकाच बाजूला असलेला दरवाजा यांना मात्र हे चालत नाही. ‘मिरर’ मॉडिफायर कायम करावा, दुसऱ्या बाजूचे फेस निवडावेत, त्यांचा तुकडा यूव्ही एडिटरमध्ये आडवा उलटवून पहिल्या तुकड्यापासून दूर न्यावा. मग दोन्ही बाजूंचे नाव सरळ वाचता येईल.

अक्षरे फुटण्याचे कारण हिशेबात आहे. बसची लांबी ११ मीटर धरली आणि ती ४०९६ पिक्सेलच्या चित्रात पूर्ण रुंदीला मांडली, तरी एका सेंमीला पावणेचारहून कमीच पिक्सेल मिळतात. वीस सेंमी उंचीच्या अक्षराला सुमारे ७४ पिक्सेल मिळतात आणि ते वाचता येते, पण तीन सेंमी उंचीच्या सूचनेला अवघे ११ पिक्सेल उरतात. एवढ्या जागेत मात्रा, अनुस्वार आणि जोडाक्षरे बसूच शकत नाहीत. त्यासाठी संपूर्ण बसचे चित्र मोठे करत जाणे हा उपाय नव्हे. सूचनेची प्रत्येक पाटी बसच्या पत्र्यापासून किंचित पुढे ठेवलेल्या स्वतंत्र लहान फेसवर घ्यावी आणि तिला पारदर्शक पार्श्वभूमीचे वेगळे चित्र द्यावे. याला डेकल म्हणतात. अशा सगळ्या पाट्या मिळून १०२४ पिक्सेलच्या एका चित्रात सहज बसतील आणि बसच्या लाल पत्र्याला २०४८ पिक्सेलही पुरतील.

एक दक्षता घ्यावी. एकमेकांवर बसलेले तुकडे ठेवून पुढे ‘बेक’ करायचे असेल, तर वरचे जास्तीचे तुकडे आडव्या दिशेने बरोबर एक एककाने बाजूला सरकवावेत. चित्र पुनरावृत्त होत असल्यामुळे दिसण्यात काही फरक पडत नाही आणि एकाच जागेवर दोनदा बेक होऊन डाग पडण्याचे टळते. खेळाच्या इंजिनमध्ये प्रकाश आधीच चित्रात साठवून ठेवायचा असेल, तर त्यासाठी यूव्हीची दुसरी मांडणी लागते आणि तिच्यात एकही तुकडा दुसऱ्यावर चढलेला चालत नाही, कारण बसच्या एका बाजूला ऊन आणि दुसऱ्या बाजूला सावली असणार.

प्रश्न : बेक केलेल्या मॉडेलवर सीमच्या जागी बारीक काळ्या रेघा दिसतात. काही रेघा मॉडेल दूर गेल्यावर वाढतात, काही जवळूनही तशाच राहतात. — एक वाचक, ठाणे

उत्तर : ही दोन वेगळी दुखणी आहेत. दूर गेल्यावर वाढणारी रेघ तुकड्यांमधले अंतर कमी पडल्याने येते. इंजिन प्रत्येक चित्राच्या निम्म्या निम्म्या आकाराच्या प्रती जवळ ठेवते आणि वस्तू दूर गेली की लहान प्रत वापरते. २०४८ पिक्सेलच्या चित्रात तुकड्यांमध्ये १६ पिक्सेलचे अंतर असेल, तर २५६ पिक्सेलच्या प्रतीत ते दोनच पिक्सेल उरते आणि मागची काळी पार्श्वभूमी कडेतून आत झिरपते. बेक करताना ‘मार्जिन’ १६ पिक्सेल ठेवावे, म्हणजे तुकड्याचा रंग कडेबाहेरही तेवढा पसरतो, आणि तुकड्यांमधले अंतर त्याहून कमी नसावे. जवळूनही कायम दिसणारी रेघ बहुधा नॉर्मल मॅपची, म्हणजे पृष्ठभाग कोणत्या दिशेला वळतो हे रंगांत नोंदवणाऱ्या चित्राची, असते. मॉडेलमध्ये जी कड ‘शार्प’ म्हणजे धारदार ठेवली आहे तिथे सीम दिलेली नसेल, तर दोन भिन्न दिशांची माहिती एकाच पिक्सेलमध्ये कोंबली जाते. प्रत्येक शार्प कडेवर सीम द्यावी, सीम असलेली प्रत्येक कड शार्प असण्याची गरज नाही. नॉर्मल मॅपच्या चित्राचा ‘कलर स्पेस’ ‘नॉन-कलर’ आहे ना, हेही पाहून घ्यावे. अनरियल या खेळांच्या इंजिनमध्ये नेताना खोलगट भाग उंच दिसू लागले तर चित्राची हिरवी वाहिनी उलटवावी, कारण ब्लेंडर आणि युनिटी हे दुसरे इंजिन यांची उभी दिशा अनरियलच्या विरुद्ध आहे.

प्रश्न : ‘नॉइज’ किंवा ‘वेव्ह’सारखे ब्लेंडरमधले तयार पोत यूव्ही न करताही छान बसतात. मग हा सर्व खटाटोप कशासाठी? मोठे स्टुडिओ तरी अजून यूव्ही करतात का? — एक विद्यार्थी, पणजी

उत्तर : ते पोत गणिती सूत्रातून तयार होतात आणि वस्तूच्या अवकाशातल्या जागेवरूनच रंग ठरवतात, म्हणून त्यांना सपाट चित्राची गरज पडत नाही. काम ब्लेंडरमध्येच संपणार असेल आणि दगड, लाकूड, गंज असे सर्वत्र सारखे पोत हवे असतील, तर यूव्हीशिवाय खुशाल काम करावे. परंतु ही सूत्रे ब्लेंडरबाहेर जात नाहीत. मॉडेल खेळात, संकेतस्थळावर किंवा दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये न्यायचे झाले की तो पोत चित्रात बेक करावा लागतो आणि चित्र म्हटले की यूव्ही आलेच. ठराविक जागी ठराविक गोष्ट हवी असेल, म्हणजे पाटीवर नाव, गालावर तीळ, पदरावर मोर, तरीही ते लागतातच.

मोठ्या स्टुडिओंविषयी सांगायचे तर, डिस्नेने २००८ साली पीटेक्स नावाची पद्धत मांडली, तीत प्रत्येक फेसला स्वतःचे लहान चित्र मिळते आणि सीम द्यावीच लागत नाही. ॲनिमेशनपटांसाठी ती उपयोगी ठरली, खेळांच्या इंजिनमध्ये मात्र ती रुळली नाही. इतरत्र चित्रपटांच्या कामात युडिम ही पद्धत अधिक चालते. ती वेटा स्टुडिओतून आली आणि तीत एका मॉडेलचे तुकडे अनेक चौरसांत वाटले जातात. पहिला चौरस १००१, त्याच्या उजवीकडचा १००२ आणि पहिल्याच्या वरचा १०११, कारण एका ओळीत दहा चौरस धरले आहेत. चेहऱ्याला एक अख्खे ४०९६ पिक्सेलचे चित्र आणि हातांना दुसरे देता येते. ब्लेंडरमध्ये ही सोय २.८२ आवृत्तीपासून आहे. पण प्रत्येक चौरसातले तुकडे सीम देऊनच उलगडावे लागतात, म्हणून युडिमकडे वळण्यापूर्वी डबा, पेला, पेटी, खुर्ची अशा चार-पाच वस्तू हाताने सीम देऊन उलगडाव्यात, चौकटींच्या चित्रावर तपासाव्यात आणि त्यानंतरच मानवी चेहऱ्याला हात घालावा.